अर्ध्या अंतरावरचे ठिपके

माझ्या मावशीला कुणी विचारलं, तुम्ही काय काम करता, की ती सांगायची, "ठिपके मोजते." समोरचा माणूस आणखी काहीतरी ऐकायच्या आशेने थांबायचा. मावशी तेवढ्यावरच थांबायची, कारण पुढचं सांगायला घेतलं की अर्धा तास जातो हे तिला माहीत होतं. हाच प्रश्न कुणी काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, विचारला तर ते म्हणायचे, "मी बस चालवतो. ही बसून असते."

मी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. मला पहिली नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासायची लागली, ती नेमकी मावशीच्या शहरात, म्हणून चार वर्षं मी तिच्या घरी राहिले. त्याच काळात ही सगळी हकिगत घडली. बरंचसं मी रोजच्या जेवणावर ऐकलं, काही पुढे तिच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमकडून कळलं, आणि उरलेलं काकांनी सांगितलं. काकांनी सांगितलेल्यातलं निम्मं वजा करून घ्यावं लागतं, ते मी केलं आहे.

मावशी आणि माझी आई वाढल्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत. आजोबा फोटो काढायचे आणि मावशी पंधराव्या वर्षापासून निगेटिव्ह साफ करायची. टोकदार पेन्सिल, बारीक पातं, डोळ्याला भिंग. नवऱ्या मुलीच्या गालावरची फोड घालवायची, आजोबांच्या पिढीतल्या एखाद्या मिशाळ गृहस्थाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलकी करायची, काचेवर बसलेली धूळ काढायची. आजोबांचा एक नियम होता: तीळ ठेवायचा, फोड काढायची. तीळ माणसाचा, फोड त्या आठवड्याची. एकदा मावशीने एका बाईंच्या हनुवटीवरचा तीळ चुकून पुसला, तर त्या बाई फोटो परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ही माझी बहीण आहे."

पुढे रंगीत फोटो आले, घरोघरी कॅमेरे आले आणि स्टुडिओ बंद पडला. मावशी तेव्हा चौतीस वर्षांची होती. करड्या रंगाच्या शंभर छटा ओळखणाऱ्या बाईला कुठे नोकरी मिळणार, हा प्रश्न घरात सगळ्यांना पडला होता. तेवढ्यात पेपरात एका विज्ञान संस्थेची जाहिरात आली: डार्करूमसाठी अनुभवी व्यक्ती हवी.

मुलाखत सरांनी घेतली. सर म्हणजे उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल अडकवलेला माणूस, आणि त्यांची एक खोड होती: त्यांना बसता येत नसे. मावशी खुर्चीत आणि सर तिच्याभोवती फेऱ्या मारताहेत, अशी ती मुलाखत झाली. त्यांनी एक फिल्म तिच्या हातात दिली. काळ्याशार ठिपक्यांचा एक नीटस चौकोन होता त्यावर, तीन आडवे, तीन उभे.

"यातले कुठले दोन सारखे काळे आहेत?"

मावशीने फिल्म खिडकीकडे धरली. "हा आणि हा," ती म्हणाली. "आणि सर, तुमचं डेव्हलपर शिळं झालंय. कडा पिवळट आल्यात."

सर पहिल्यांदाच थांबले. म्हणाले, "सोमवारपासून या."

आता ते ठिपके काय होते ते सांगायला हवं. मला हे मावशीनेच समजावलं, जेवणाच्या टेबलावर, मीठदाणी आणि चमचे मांडून, त्यामुळे मी तिच्याच पद्धतीने सांगते.

कुठल्याही स्फटिकात अणू रांगेत बसलेले असतात. आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूला मात्र वरच्या बाजूला कुणीच नसतं, मोकळं आकाश. मग तो आतल्यासारखाच बसतो का? का थोडा आत दबतो, बाजूला सरकतो? गंज चढतो तो पृष्ठभागावर, कारखान्यातली कितीतरी रसायनं घडतात ती पृष्ठभागावर, म्हणून हे नेमकं कळायला हवं. पण अणू काही भिंगातून दिसत नाही. म्हणून सरांच्या प्रयोगशाळेत स्फटिकावर इलेक्ट्रॉनांचा एक हलका झोत मारायचे. हलका एवढ्यासाठी की तो आत खोल शिरू नये, वरच्या दोन-चार थरांनाच लागून परत यावा. परतणारे इलेक्ट्रॉन एका गोल पडद्यावर आदळले की तिथे हिरवे ठिपके उजळायचे. ठिपके कुठे आहेत यावरून अणूंची रांग कशी आहे ते कळतं. ठिपका किती तेजस्वी आहे यावरून अणू नेमका कुठे बसलाय, किती आत, किती बाजूला, ते काढता येतं.

हे सगळं घडायचं एका पोलादी डब्यात. त्याला फार मोठं नाव होतं, पण सगळे त्याला डबाच म्हणायचे. बुटक्या माणसाएवढा, अंगावर नळ्या, पंप आणि जाड काचेच्या गोल खिडक्या. आतली हवा जवळजवळ सगळी काढून टाकायची, कारण हवेचा कण स्फटिकावर बसला की पृष्ठभाग मळला. त्यासाठी डब्याला चंदेरी कागदात गुंडाळून दीड दिवस भाजायचं. मधोमध करंगळीच्या नखाएवढा स्फटिक. एवढ्याशा जिवासाठी किती लाड, असं मावशी म्हणायची.

तिचं काम असं. झोत चाळीस व्होल्टला ठेवायचा, खिडकीतून पडद्याचा फोटो काढायचा. मग बेचाळीस, पुन्हा फोटो. मग चव्वेचाळीस. असं दोनशेपर्यंत. फिल्म धुवायची, वाळवायची, आणि प्रत्येक ठिपक्याचा काळेपणा एका यंत्राखाली मोजून वहीत उतरवायचा. प्रत्येक ठिपक्याचा एक आलेख तयार व्हायचा, डोंगररांगेसारखा, वर-खाली. तो जायचा मॅडमकडे.

मॅडम गणितवाल्या. सरांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मावशीच्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला तुटक. त्या अणू कुठे बसले असतील याचा अंदाज बांधायच्या आणि त्या अंदाजावरून डोंगररांग कशी यायला हवी ते संगणकावर काढायच्या. मग त्यांची डोंगररांग आणि मावशीची डोंगररांग एकमेकांवर ठेवायची. जुळल्या तर अणू सापडले. नाही जुळल्या तर अंदाज बदला, पुन्हा गणित. एका स्फटिकाच्या पृष्ठभागाला कधी वर्ष लागायचं, कधी दोन.

"तुमच्या दोघींचं लग्न जुळवायचं काम आहे हे," काका म्हणायचे. "पत्रिका सारख्या फिरवायच्या."

मावशीच्या हातून एकदा मोठी चूक झाली होती. नोकरीच्या सहाव्या वर्षी तिला फिल्मवर एक जादा ठिपका दिसला. तिने सांगितलं, सर खूश झाले, तीन आठवडे सगळे त्याच्या मागे लागले. शेवटी कळलं की झोत तयार करणाऱ्या तारेचा उजेड खिडकीच्या काचेवर परावर्तित होऊन तो ठिपका पडत होता. सर तिला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर मावशीने काही वेगळं दिसतंय म्हटलं की ते मान हलवायचे आणि फेऱ्या मारत निघून जायचे. मावशीला त्या मान हलवण्याचं फार लागायचं.

त्या चुकीतून ती एक गोष्ट शिकली होती. व्होल्ट वाढवत गेलं की खरे ठिपके सगळे मिळून मध्याकडे सरकतात. उजेडाचा ठिपका जागचा हलत नाही.

मी राहायला आले त्या वर्षी त्यांनी एक नवा स्फटिक घेतला होता, एका मिश्रधातूचा. साध्या तापमानाला त्याचे ठिपके सरळ, शहाण्या मुलांसारखे यायचे, पण मॅडमची गणितं काही केल्या जुळेनात. मग सरांनी ठरवलं, स्फटिक थंड करून बघू, थंडीत अणू कमी थरथरतात, आलेख स्वच्छ येतील. आलेख स्वच्छ आले. आणि मावशीला फिल्मवर काहीतरी दिसलं.

दोन ठळक ठिपक्यांच्या बरोबर मध्ये, अर्ध्या अंतरावर, अगदी फिकट डाग होते. काचेवर श्वास सोडून पुसल्यावर राहतात तसे.

तिने आधी फिल्मचा दोष धरला. नव्या पाकिटातली फिल्म घेतली. डाग होते. मग कॅमेरा खोलून पुसला. होते. मग तिने चाळीस ते दोनशेच्या सगळ्या फिल्म ओळीने लावल्या आणि भिंग घेऊन बसली. डाग बाकीच्या ठिपक्यांबरोबर मध्याकडे सरकत होते.

तेव्हा ती सरांकडे गेली.

सरांनी फिल्म उजेडाकडे धरली. "मला काही दिसत नाही, ताई." प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणायचे.

"फार फिकट आहेत, सर. पण आहेत. बरोबर अर्ध्यावर."

"असतील तर तो केर आहे. स्फटिक थंड केला की डब्यात उरलेली हवा त्याच्यावर येऊन बसते. थंड काचेवर वाफ बसते तशी. धरू नका ते."

हे म्हणणं काही चुकीचं नव्हतं. असं खरोखर होतं. मावशी परत आली आणि संध्याकाळी घरी भांडी जरा जोरात ठेवू लागली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"म्हणे केर आहे."

"मग?"

"अहो, मी वीस वर्षं केर काढलाय. मला केर कळतो."

"मग तसं सांग त्यांना."

"सांगून काय उपयोग. त्यांना मागचा ठिपका आठवतो."

काका म्हणाले, "माझ्या बसमधून कुठूनतरी टकटक आवाज येतो म्हणून मी आठ दिवस सांगत होतो. वर्कशॉपवाले म्हणाले, तुमचे कान वाजतात. मग मी एक वही केली. कुठल्या वळणावर, किती वेगात, माणसं किती भरलेली. पंधरा दिवसांनी वही टेबलावर ठेवली. काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाक उतरवलं."

काकांच्या सांगण्यातलं निम्मं वजा करावं लागतं हे मी म्हटलंच आहे. ही गोष्ट मात्र खरी होती, मी ती वही पाहिली आहे.

मावशीने निळ्या पुठ्ठ्याची एक वेगळी वही केली. रोजचं काम झालं की ती त्या फिकट डागांचा काळेपणा मोजायची. किती व्होल्टला किती. स्फटिक किती थंड असताना किती. आणि तिला सुचलेली सर्वांत शहाणपणाची नोंद म्हणजे, थंड केल्यापासून किती वेळाने किती. पाच महिने ही वही चालली. याबद्दल तिने कुणाला सांगितलं नाही. लपवलंही नाही, वही टेबलावरच असायची.

ती वही मॅडमच्या हाती लागली ती अशी. मॅडम एका दुपारी आकडे न्यायला डार्करूममध्ये आल्या आणि चुकून निळी वही उघडून उभ्याउभ्या वाचायला लागल्या. मावशी फिल्म वाळत घालत होती. बराच वेळ मागून काही आवाज येईना म्हणून ती वळली.

"हे काय आहे, ताई?"

"ते... सर म्हणाले धरू नका म्हणून मी वेगळं लिहिलंय."

"थंड केल्यावर लगेच इतका, आणि दोन तासांनी इतका," मॅडमनी बोट ठेवलं. "म्हणजे वेळेबरोबर फिकट होत जातो?"

"हो. दरवेळी."

"आणि पुन्हा गरम करून स्वच्छ केला, थंड केला, की परत आधीइतका?"

"हो."

मॅडम स्टुलावर बसल्या. मावशी सांगायची, त्या बाईंना तिने तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं, आणि हसल्यावर त्यांच्या एका गालाला खळी पडते हे तिला त्या दिवशी कळलं.

"ताई, केर असता तर दोन तासांत वाढला असता," मॅडम म्हणाल्या. "हे उलटं आहे. वरून केर बसतोय तसे हे झाकले जाताहेत. म्हणजे हे त्या स्फटिकाचेच आहेत."

"तेच," मावशी म्हणाली. "तीळ आहे तो. फोड नाही."

याचा अर्थ मॅडमना समजावून सांगावा लागला.

दोघी मिळून सरांकडे गेल्या. सरांनी वही चाळली, दोन फेऱ्या मारल्या, आणि म्हणाले, "आकडे चांगले आहेत. पण मला स्वतःला अजून काही दिसलेलं नाही."

यावर मावशी जे बोलली ते बोलायचं धैर्य आपल्यात कुठून आलं हे तिला अजून कळलेलं नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही उजेडातून येता, काचेत डोकावता आणि जाता. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं बसाल का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता ते बसले. खिडक्यांना काळं कापड होतंच, दाराच्या फटीत मावशीने फडकं कोंबलं. डब्याभोवती तीन स्टुलं मांडली. स्फटिक स्वच्छ केलेला, थंड केलेला. दिवा घालवला. पंपाची घरघर तेवढी राहिली.

दोन मिनिटं झाली असतील, स्टूल करकरलं.

"सर, उठलात?" मावशीने विचारलं.

"पाय आखडला."

"बसा."

स्टूल पुन्हा करकरलं. प्रयोगशाळेतल्या कुणी सरांना 'बसा' असं सांगितल्याची ती पहिली वेळ असावी.

अंधारात माणसं जरा मोकळी बोलतात. सर म्हणाले, "मला लहानपणापासून बसता येत नाही. शाळेच्या फोटोत माझा चेहराच नाहीये, नुसता धूर आहे. मी हललो होतो."

"हलणारी मुलं आम्ही मधे बसवायचो," मावशी म्हणाली. "दोन्हीकडून दाबून. कडेला नाही बसवायची. कडेची माणसं तशीही नीट राहत नाहीत. एका बाजूला कुणी नसलं ना, की माणूस आपसूक शेजाऱ्याकडे झुकतो. मग रांगेत मधे फटी दिसतात. दोघं जवळ, मग फट, पुन्हा दोघं जवळ."

अंधारातून मॅडमचा आवाज आला, "जोड्या."

"काय?" सर म्हणाले.

"वरच्या रांगेतले अणू जोड्या करत असतील तर? दोन जवळ, मग फट. मग रांगेचा नमुना दुप्पट अंतराने परत येईल. आणि ठिपके येतील अर्ध्या अंतरावर."

मॅडमनी मला पुढे सांगितलं की, तसं त्यांना आठवड्याभरात सुचलंच असतं, अर्ध्या अंतरावरचे ठिपके म्हटल्यावर जोड्यांचा विचार कुणीही करतो. "पण सुचलं ते तिथे, त्या स्टुलावर," त्या म्हणाल्या. "दुसरं काही सांगितलं तर खोटं होईल."

वीस मिनिटं झाली. मावशीने झोत सुरू केला. पडद्यावर हिरवे ठिपके उगवले.

"सर, वरून दुसरी रांग. डावीकडचे दोन ठळक ठिपके. त्यांच्या मधे. थेट बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा, मग दिसेल."

सर काचेला नाक लावून होते. बराच वेळ गेला.

"व्होल्ट वाढवू?"

"वाढवा."

मावशीने बटण हळूहळू फिरवलं. ठिपके मध्याकडे निघाले.

"सरकतोय," सर म्हणाले. एवढ्या हलक्या आवाजात ते कधी बोलत नसत. "बाकीच्यांबरोबर सरकतोय." मग ते खिडकीपासून हलले नाहीत. मावशीला हात अवघडल्यावर सांगावं लागलं की आता पुरे, स्फटिक मळला.

त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. दुसऱ्या दिवशी ते आपल्या खोलीतली पाठ असलेली खुर्ची स्वतः उचलून घेऊन आले आणि डब्याजवळ ठेवली. "तुम्ही एवढे तास स्टुलावर बसता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," म्हणाले, आणि गेले. मावशीने हे घरी सांगितलं. काका म्हणाले, "बघ, आता तरी कुणी म्हणेल का की तू नुसती बसून असतेस. तू खुर्चीत बसून असतेस."

पण अणू काही लगेच सापडले नाहीत. नुसत्या जोड्या धरून मॅडमनी गणित केलं, जुळेना. जोडीतलं अंतर कमी करून पाहिलं, जुळेना. सात महिने हे चाललं. मग त्यांनी खालच्या थरालाही हलायची मोकळीक दिली, वरच्यांनी जोडी केली की खालच्यालाही थोडं अंग चोरावं लागणार, आणि डोंगररांगा एकमेकींवर बसल्या. ठळक ठिपक्यांच्या बसल्याच, पण निळ्या वहीतल्या फिकट ठिपक्यांच्याही बसल्या, शिखरावर शिखर, दरीवर दरी. साध्या तापमानाचंही कोडं सुटलं: जोड्या तिथेही होत्या, फक्त कुणाची जोडी कुणाशी हे सारखं बदलत होतं, म्हणून फिकट ठिपके विरून जायचे. मॅडम दोन्ही कागद घेऊन थेट आमच्या घरी आल्या, रविवारी सकाळी, पत्ता विचारत विचारत. मीच दार उघडलं. त्यांनी मला नमस्कारही केला नाही, "ताई कुठेत" म्हणाल्या. ताई न्हाणीघरात केस धूत होत्या. त्या डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या आणि दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी ते कागद एकावर एक धरून उजेडात बघत राहिल्या. मावशीच्या केसांचं पाणी कागदावर टपकत होतं आणि मॅडमना त्याचं काही वाटत नव्हतं.

शोधनिबंध लिहायला घेतला तेव्हा सर डार्करूमच्या दारात आले. "ताई, लेखकांत तुमचं नाव घालतोय. कसं लिहायचं?"

मावशीला वाटलं शेवटी आभारात असेल. सर म्हणाले, "नाही, वर. तिसरं."

तिने एक दिवस मागितला. मग सांगितलं की लग्नाआधीचं नाव लिहा. डोळे वडिलांच्या स्टुडिओत तयार झाले, तेव्हा नाव तिकडचं. काका दोन दिवस रुसून बसले. म्हणजे रुसल्याचं दाखवत होते. "वहीची युक्ती कुणाची होती?" असं भिंतीला विचारत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी निबंधाची एक प्रत मागून घेतली आणि ती डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरला दाखवली. त्यातलं अक्षर कुणाला कळलं नाही, पण नाव सगळ्यांनी वाचलं.

निबंध तपासणाऱ्या एका परीक्षकाने लिहून पाठवलं की हे ठिपके केराचे असावेत. सरांनी उत्तरात लिहिलं, परीक्षकांनी कृपया वीस मिनिटं अंधारात बसावं. मॅडमनी ते वाक्य खोडलं आणि निळ्या वहीतलं पान जोडलं. निबंध छापून आला. दोन वर्षांनी दुसऱ्या एका देशातल्या प्रयोगशाळेतून पत्र आलं की आम्हालाही तेच सापडलं, जोडीतलं अंतर तुमच्यापेक्षा किंचित कमी निघतंय, त्यावर तुमचं मत काय. मावशी त्या 'किंचित'वर आठवडाभर खूश होती.

मग माझं लग्न झालं आणि मी ते घर सोडलं. पुढची दहा वर्षं मी सुट्टीत जायचे तेवढंच. दरम्यान फिल्म गेली. पडद्याकडे थेट बघणारा कॅमेरा आला आणि तो संगणकाला जोडला. मावशीला पंधरा दिवस लागायचे ते काम तो चहा होईपर्यंत करायचा. मी तिला विचारलं, वाईट वाटतं का. ती म्हणाली, "त्याला पाठ नाही, मान नाही, दुखणार काय? करू दे की." ती त्याचे आकडे तपासायची आणि त्याच्या चुका एका कागदावर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवायची, शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारख्या.

तिच्या आयुष्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट मात्र निबंधाची नाही. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना तिच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं. तिने दोन महिने कुणाला सांगितलं नाही. घाबरली होती. डोळे गेले तर माझ्यात उरलं काय, असं ती काकांना म्हणाली, आणि काकांना त्यावर विनोद सुचला नाही. ते तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. मोतीबिंदू निघाला, साधा, काढता येण्यासारखा. दुसऱ्या दिवशी मावशी सरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, मागच्या दोन महिन्यांत मी तपासलेलं काही धरू नका. माझा डोळा बरोबर नव्हता."

सरांनी सगळे आकडे पुन्हा काढायला लावले. आठवड्याने ते तिच्या टेबलाशी आले. "सगळं जुळतंय, ताई. एकही चूक नाही."

"नसेल," मावशी म्हणाली. "तरी धरू नका. मला दिसत नव्हतं, मी अंदाजाने म्हणत होते."

सर टेबलाच्या कडेवर टेकले. थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांनी दोन महिन्यांची ती पानं काढून टाकली.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली तेव्हा तिने पहिल्यांदा काकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, किती सुरकुत्या." काका म्हणाले, "काढ पेन्सिल."

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. सरही गेले. मॅडम निवृत्त झाल्या आणि मावशीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आल्या. त्या आता एकमेकींना अगं-तुगं करतात. गेल्या वर्षी मावशीने सत्तरी ओलांडल्यावर जाहीर केलं की तिला पोहायला शिकायचंय, आणि मॅडमना बरोबर ओढलं. नगरपालिकेच्या तलावावर सकाळी आठला म्हाताऱ्यांची तुकडी असते. मी मागच्या महिन्यात त्यांना बघायला गेले होते. मावशी पाठीवर तरंगत होती, हात पसरून, कान पाण्यात, कुणाचं ऐकू येत नव्हतं तिला. मॅडम उथळ बाजूला लोखंडी दांडा धरून उभ्या होत्या.

"सोडा ना तो दांडा," शिकवणाऱ्या बाई त्यांना म्हणत होत्या, "ताई बघा कशा तरंगताहेत."

"तिचं बरं आहे," मॅडम म्हणाल्या, "ती विचार करत नाही." मग माझ्याकडे बघून त्यांनी एक हात दांड्यावरून काढला, पाण्यावर आडवा ठेवला, आणि दुसराही काढायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मावशी तरंगत तरंगत येऊन त्यांच्यावर आदळली.